चोवीस दगड, चाळीस माणसे

ज्या वर्षी नावाड्याची धाकटी बहीण सासर कायमचे सोडून, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन भावाच्या दारात येऊन उभी राहिली, त्याच वर्षी मी नावेत आलो.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. काळा, उशीएवढा, एका कोपऱ्याने तुटलेला. वाटेत पडलेला दिसलो तर तुम्ही ठेच लागू नये म्हणून बाजूने जाल, एवढेच. पण माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सव्वीस वर्षे मी नदीच्या पाण्याच्या पातळीखाली राहिलो आणि एकदाही बुडालो नाही. असे सांगणारा दुसरा दगड तुम्हाला सहज भेटणार नाही.

माझा जन्म सुरुंगाने झाला. खाणीत मोठा आवाज झाला, धूळ उडाली, आणि डोंगराचा एक तुकडा होतो तो मी झालो. पाथरवटाने मला घडवायला घेतले तेव्हा मला फार आनंद झाला होता. नदीवर नवा धक्का बांधत होते. त्या धक्क्याची वरून तिसरी पायरी व्हायचा मान मला मिळणार होता. रोज शेकडो पाय माझ्यावरून जाणार, मी सगळे पाहणार. पाथरवटाने तीन बाजू सुरेख काढल्या. चौथ्या बाजूला त्याला शिंक आली आणि माझा कोपरा उडाला.

“गेला कामातून,” तो म्हणाला आणि त्याने मला गवतात टाकले.

त्या गवतात मी तीन वर्षे पडून होतो. मग ती आली.

नावाडी तेव्हा ऐन तिशीतला होता. दर उन्हाळ्यात तो नाव काठावर ओढून घ्यायचा, पोटातले दगड बाहेर काढायचा, फळ्यांच्या फटी बुजवून डांबर लावायचा. त्या वर्षी दोन दगड तडकलेले निघाले. बहीण घरी येऊन दुसराच दिवस होता. ती सरळ नदीवर आली आणि पदर खोचून उभी राहिली.

“अगं, चार दिवस आराम कर,” तो म्हणाला.

“आराम करायचा असता तर तिकडेच राहिले असते. काय उचलायचंय ते सांग.”

“दोन दगड हवेत. चांगले, चौकोनी बघ.”

ती गवतात शिरली आणि मला पोटाशी धरून घेऊन आली. भाऊ हसला. “हा कशाला आणलास? कोपरा तुटलाय त्याचा.”

“नावेचं पोट कुठं चौकोनी आहे?” ती म्हणाली. तिने मला तळाच्या वाकलेल्या फळीशी लावून दाखवले. तुटलेला कोपरा त्या वाकाला असा चपखल बसला, की जणू पाथरवटाने मापच घेतले होते. भावाने डांबराची बादली तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती नावेवरच राहिली. नावाड्याचा लहान मुलगा तिला आत्या म्हणायचा, म्हणून सगळा धक्का तिला आत्या म्हणू लागला. तिने मला कानतुट्या हे नाव दिले.

आता आमचे काम सांगतो. नावेच्या तळाशी, बसायच्या फळ्यांखाली, आम्ही चोवीस दगड होतो. दोन रांगा, मध्ये पाणी साचायला एक चर. आत्या त्या चराजवळ बसून आत आलेले पाणी कटोऱ्याने उपसायची. नाव एका बाजूला कलली की आम्ही तिला खाली ओढून धरायचो आणि ती परत सरळ व्हायची. बस, एवढेच काम. पण ते दिवसातून हजार वेळा करायचे. कोणी जाडजूड माणूस धपकन एका कडेला बसला, आम्ही ओढले. बकऱ्या एकदम एकीकडे सरकल्या, आम्ही ओढले. वारा आला, आम्ही ओढले. वर बसलेल्यांना वाटायचे, नाव आपोआप सरळ होते.

आम्हाला खालून काही दिसत नसे, पण ऐकू सगळे येई. कोणाची सोयरीक कुठे मोडली, कोणत्या दुकानातला साबण हातात विरघळतो, कोणाच्या जावयाला वाऱ्याचेही भय वाटते, हे सगळे मला पाठ होते. एकदा मध्यावर वादळाने गाठले. नाव इतकी वाकली की कडेवरून पाणी आत आले. माणसे रडू लागली. आम्ही चोवीस जण जीव खाऊन तळाला चिकटलो. नाव उठली, परत वाकली, परत उठली. काठाला लागल्यावर सगळ्यांनी नावाड्याला खांद्यावर घेतले. मागे एकटी आत्या राहिली होती. तिने फळी उचलून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “शाबास रे.”

मित्रांनो, आयुष्यात माझे कौतुक एवढेच झाले. मला ते पुरले.

एक गोष्ट मात्र मला खात होती. वर्षातून एकदा नदीचा उत्सव असे. त्या दिवशी संध्याकाळी या तीरावरून एक मोठा दिवा नावेत घालून पलीकडच्या तीरावरच्या देवस्थानात नेत. नावाड्याच्या आजोबांनी तो नेला, वडिलांनी नेला, आता तो नेत होता. नाव नदीच्या मध्यावर आली की दोन्ही काठांवरची माणसे एकाच वेळी आपापले छोटे दिवे पाण्यात सोडत, आणि नावेतली सगळी मंडळी उभी राहून हात वर करून एकच गजर करीत. तो गजर फळ्यांतून माझ्या अंगात उतरायचा. आत्या तेव्हा कटोरा खाली ठेवून उभी राहायची, हे मला तिच्या पावलांवरून कळायचे. पंचवीस उत्सव मी असे ऐकले. पाहिला एकही नव्हता. हजारो दिवे पाण्यावर तरंगतात म्हणे. मला ते एकदा, फक्त एकदाच पाहायचे होते.

सव्विसाव्या वर्षी ती संधी आली.

झाले असे, की नावेत बत्तीसच माणसे मावत. तेवढी बसली की बाहेरच्या अंगाला रंगवलेली पांढरी रेघ बरोबर पाण्याला टेकायची, आणि रेघ बुडाली तर नावाडी वल्हे उचलू द्यायचा नाही. दिव्याबरोबर जाणारी मंडळी मात्र चाळीस होती. उरलेले आठ जण दुसऱ्या फेरीने जात. आदल्या वर्षी ते पोचेपर्यंत पलीकडची प्रार्थना संपून गेली होती, आणि त्यावरून मोठे भांडण झाले होते. म्हणून उत्सव समितीने ठरवले, की यंदा चाळीसही जण एकाच फेरीत जातील. जमत नसेल तर वरच्या गावचा मोटरबोटवाला तयार आहे. एकदा दिवा त्याच्याकडे गेला की तो पुढेही त्याच्याकडेच राहील.

हा निरोप घेऊन समितीचे मास्तर स्वतः धक्क्यावर आले. शाळेत गणित शिकवणारे, सरळ मनाचे गृहस्थ. त्यांना नावाड्याचेच भले व्हावे असे वाटत होते. ते बराच वेळ नावेभोवती फिरले, फळी उचलून आत वाकून पाहिले आणि एकदम म्हणाले, “हे दगड कशासाठी?”

“नाव हलकी पडू नये म्हणून,” नावाडी म्हणाला. “रिकामी असली की वाऱ्यावर पिसासारखी फिरते.”

“आणि भरलेली असली की?”

नावाड्याने डोके खाजवले. “भरल्यावर माणसांचंच वजन होतं की.”

मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी शेजारच्या लाकडाच्या वखारीतून काटा मागवला. आम्हाला बाहेर काढून एकेकाला काट्यावर ठेवले. माझे वजन बावीस किलो भरले. मला जन्मात पहिल्यांदाच ते कळले आणि, खरे सांगतो, मी मनातल्या मनात फुगलो. मास्तरांनी वाळूत काडीने आकडे मांडले.

“तीन दगड म्हणजे एक माणूस. चोवीस दगड म्हणजे आठ माणसं. बत्तीस आणि आठ किती झाले?”

“चाळीस,” नावाडी म्हणाला. दिवा आता गेलाच असे तो धरून बसला होता, आणि उत्तर असे त्याच्या पायाशीच पडलेले निघाले होते.

धक्क्यावर आनंदीआनंद झाला. वखारवाल्याने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मीसुद्धा खूश. बाहेर राहणार म्हणजे मला उत्सव दिसणार.

आत्या पायरीवर बसून कटोरा घासत होती. तिने मान वर न करता विचारले, “मास्तर, तीन दगड मिळून कधी उभे राहिलेत का हो?”

लोक हसले. मास्तरही हसले. “आत्या, वजन म्हणजे वजन. ते दगडाचं असो नाहीतर माणसाचं.”

“मग उद्यापासून डोक्यावर चाला. वजन तेच राहील.”

आता तर हशा पिकला. पण नावाडी हसला नाही. तो बहिणीजवळ जाऊन बसला.

“असं का म्हणतेस?”

“नाव कलली की तिला परत कोण आणतं, ते तुला वर सुकाणूवर बसून कळत नाही. मी खाली बसते. मला कळतं.”

“आजवर भरल्या नावेत दगड होते, कारण काढायचा कंटाळा. आपल्या बाबांनी तरी कधी सांगितलं का, की भरल्या नावेलाही लागतात?”

“बाबांनी काढले का कधी?”

तो नदीकडे पाहत राहिला. “आजोबांनी दिवा नेला, बाबांनी नेला,” तो म्हणाला. “माझ्या हातून तो गेला तर मी या धक्क्यावर तोंड कसं दाखवू? तूच सांग.”

आत्या कटोरा घासत राहिली. तिच्या भावाने तिला एकदाही विचारले नव्हते, की तू सासर का सोडलेस. पंचवीस वर्षांत त्याने तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. तिच्या तोंडून ‘नाही’ निघेना.

“आधी करून तरी बघा,” ती शेवटी म्हणाली.

उत्सवाच्या आदल्या दिवशी त्यांनी करून पाहिले. आम्ही चोवीस दगड धक्क्यावर, आणि चाळीस माणसे नावेत. मास्तरांनी सगळ्यांना वर्गातल्यासारखे ओळीने, हाताची घडी घालून बसवले. पांढरी रेघ बरोबर पाण्याला टेकली, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. धक्क्याभोवती दोन चकरा झाल्या. पाणी शांत होते, माणसे शांत होती. नाव लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

मास्तर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. “बघितलंत ना, आत्या?”

“बघितलं. बसली होती म्हणून.”

“मग उद्याही बसतील.”

“मध्यावर सगळे उठतात.”

ही गोष्ट मात्र मास्तरांनाही पटली. त्यांनी तिथल्या तिथे चाळीस जणांना बजावले, की उद्या काही झाले तरी कोणी उठायचे नाही, गजर करायचा तो बसूनच. सगळ्यांनी हो म्हटले. शिंपीकाका म्हणाले, “मी तर फळीला टाका घालूनच बसतो.” आत्यालाही हसू आले.

आणि दुसरा दिवस उजाडला, मित्रांनो.

काय सांगू तुम्हाला. सव्वीस वर्षे मी अंधारात बसलो होतो, आणि आता डोक्यावर सगळे आकाश. सकाळपासून माणसांची रीघ लागली. पायऱ्या झाडून धुतल्या, खांबाखांबाला रंगीत कागद लावले, फुगेवाले आले, वाजंत्री आली. आम्हाला धक्क्याच्या टोकाला रचून ठेवले होते. कोणी आमच्यावर पिशव्या ठेवल्या. एक गुबगुबीत मुलगी माझ्यावर बसून पाय हलवत गोड वडी खात होती, आणि तिची चिकट बोटे तिने माझ्याच अंगाला पुसली. एका आजीबाईंनी माझ्यावर छोटा दिवा ठेवला. माझ्यावर दिवा. पायरी व्हायचे राहिले होते त्याचे मला काहीच वाटेनासे झाले.

दुपार कलल्यावर चाळीस जण आले. नवे कपडे, हसू, गोंधळ. शिंपीकाकांनी सगळ्या गल्लीचे कपडे शिवले होते आणि स्वतःच्या सदऱ्याचे एक बटण लावायचे विसरले होते. त्यावरून पावाच्या भट्टीवाल्या मावशी त्यांना चिडवत होत्या. टपालवाला होता. दवाखान्यातली नर्सबाई होती, रात्रपाळी करून न झोपता आलेली. गवंड्याचे काम करणारे दोघे भाऊ एकमेकांना ढकलत आले. मास्तर आपल्या बायकोला हात देऊन नावेत उतरवत होते. “सावकाश,” ते म्हणाले. “सावकाश काय, मी काय म्हातारी झाले?” ती म्हणाली. वल्ह्यांवर नावाड्याचा मुलगा आणि त्याचे तीन मित्र. सुकाणूवर नावाडी. मोजून चाळीस.

आत्या कटोरा घेऊन नेहमीच्या जागी बसायला निघाली, तेव्हा नावाड्याने तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“जागा नाही गं.”

“पाणी कोण उपसणार?”

“एका फेरीत कितीसं येणार? तुझ्या जागेवर टपालवाला बसलाय.”

तिने कटोरा त्याच्या हातात दिला. “उठू देऊ नकोस कोणाला.”

“नाही उठू देणार.”

ती येऊन आमच्या ढिगावर बसली. माझ्याशेजारी तिची सून उभी होती, म्हणजे नावाड्याच्या मुलाची बायको, हातात छोटा दिवा घेऊन. धक्क्याला त्यांची लहान होडी बांधलेली होती. ती पाण्यावर डुलत होती.

दिवा आला. माणसाच्या छातीएवढा उंच, पितळेचा, सगळ्या वाती पेटलेल्या. सहा जणांनी तो उचलून नावेच्या मधल्या फळीवर ठेवला. वाजंत्री सुरू झाली आणि वल्ही पाण्यात पडली. पांढरी रेघ बरोबर पाण्यावर. मी आनंदाने थरारत होतो. आमची नाव बाहेरून इतकी सुंदर दिसते हे मला कधी माहीतच नव्हते. ती पुढे सरकत होती, सूर्य पलीकडच्या झाडांना टेकत होता, आणि चाळीस डोकी अगदी शहाण्या मुलांसारखी खाली बसलेली होती.

नाव मध्यावर आली.

दोन्ही काठांवरून एकाच वेळी दिवे पाण्यात पडले. मित्रांनो, ते मी पाहिले. हजार, दोन हजार, किती ते देव जाणे. नदी पेटल्यासारखी झाली. काठावरून गजर उठला, आणि नावेतले चाळीसातले एकोणचाळीस जण उभे राहिले.

कोणी ठरवून उठले नाही. कोणी वचन मोडायचे म्हणून उठले नाही. लहानपणापासून त्या जागी, त्या क्षणी उभे राहायची त्यांच्या पायांना सवय होती, आणि पाय उठले. मास्तरही उठले, दोन्ही हात वर करून. एकटा नावाडी बसून होता आणि ओरडत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज गजरात बुडून गेला होता. मग सगळे जण आपल्या काठाकडे, आपली घरची माणसे कुठे आहेत ते पाहायला वळले.

नाव कलली.

मी घाबरलो नाही. कलली की ती परत येते. सव्वीस वर्षांत प्रत्येक वेळी आली होती. मी वाट पाहू लागलो. आणि मग माझ्या ध्यानात आले, की तिला परत आणणारे आम्ही चोवीसच्या चोवीस धक्क्यावर बसलो आहोत.

तो मोठा दिवा आधी घसरला. त्याच्यामागून माणसे घसरली. नाव आडवी झाली, आणि पाहता पाहता तिचे डांबर लावलेले काळे पोट आकाशाकडे झाले.

काठावरच्या अर्ध्या लोकांना काही कळलेच नाही. वाजंत्री वाजतच होती. आत्या मात्र नाव कलतानाच माझ्यावरून उठली होती. तिने होडीचा दोर सोडला नाही, सुऱ्याने कापला. सून आधीच होडीत उडी मारून बसली होती.

“आत्या, हे नावेत आहेत,” सून म्हणाली.

“सगळेच आहेत. वल्हव.”

तसे वल्हवणे मी कधी पाहिले नव्हते. सुनेने असे हात मारले, की होडी पाण्यावरून उड्या घेत गेली. सगळीकडे दिवे, दिव्यांमध्ये डोकी, डोक्यांमध्ये नव्या कपड्यांचे फुगे. आत्या पुढच्या टोकाला पोटावर आडवी झाली होती आणि हाताला लागेल त्याला धरत होती, केसाला, कॉलरला, पदराला.

“कडेला लोंबकळू नका, आडवे आत या,” ती ओरडत होती. “आत आलात की तळाला झोपा. एकावर एक झोपा. जो डोकं वर काढेल त्याला मी परत पाण्यात टाकीन.”

आणि ते ऐकत होते. पहिल्या खेपेत तिने सहा जण आणले, दुसऱ्या खेपेत पाच. ती होडी चौघांची होती. पण सगळे जण तळाला पसरलेले होते, म्हणून ती एकदाही कलली नाही. वरच्या गावचा मोटरबोटवाला दिवे पाहायला आला होता, त्यानेही बोट घातली आणि तेरा जण काढले. दहा जण उलट्या नावेला धरून किंवा पोहत वाचले. त्यांत सुनेचा नवरा होता. तो दिसताच सुनेने दुसरे वल्हे त्याच्याकडे फेकले.

मास्तरांना पोहता येत नव्हते. आत्याने त्यांना दुसऱ्या खेपेत काढले. धक्क्यावर आणले तेव्हा ते एकच वाक्य बोलत होते, “रेघ बरोबर होती. आत्या, रेघ बरोबर होती.”

“होती,” आत्या म्हणाली. तिने सुनेच्या हातातला टॉवेल घेऊन त्यांच्या खांद्यावर टाकला. “आता खाली बसा.”

मग ती परत होडीत चढली. अजून तिला भाऊ दिसला नव्हता. वल्हे मारणाऱ्या भाच्याने सांगितले, की बाबा वर आले होते, त्यांनी नर्सबाईंना फळीला धरायला लावले, मग टपालवाल्यासाठी नावेखाली गेले. आत्या अंधार पडेपर्यंत त्या जागेभोवती फिरत राहिली. एकेक दिवा विझत गेला.

तिसऱ्या दिवशी नाव ओढून काढली. तिची एक फळीही तडकलेली नव्हती. समितीची माणसे आली, मास्तर आले, मान खाली घालून. पुढच्या वर्षी दिव्याचे काय करायचे, असे कोणीतरी चाचरत विचारले.

“मोटरबोटीतून न्या,” आत्या म्हणाली. “नीट न्या.”

मग तिने आणि सुनेने आम्हाला एकेक करून परत पोटात ठेवले. मला तिने माझ्या जागी, वाकलेल्या फळीशी लावले आणि थोडा वेळ हात तसाच ठेवला. आता सुकाणूवर ती असते. पाणी सून उपसते. पलीकडे जायला माणसे सुरुवातीला घाबरत, आता घाबरत नाहीत. मला वरून काही दिसत नाही, आणि मला त्याचे दुःखही नाही. पाण्यावरचे दिवे मी एकदा पाहिले. ते फार सुंदर होते. हे मी खोटे कशाला सांगू.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, कारखान्यात अशी एखादी वस्तू असेल, जी का ठेवली आहे ते कोणालाच नीट सांगता येत नाही. ती अडगळ वाटते. जागा खाते. ती काढून टाकण्याआधी, रोज तिच्याजवळ बसून काम करणाऱ्या माणसाला विचारा. त्याला आकडे मांडता येणार नाहीत, पण त्याच्या हाताला ठाऊक असते. आणि तो चेष्टेत काही बोलला, तर हसा, पण हसून झाल्यावर एकदा विचारही करा. त्या दिवशी हसण्यात मीही होतो. मलाही बाहेर राहायचे होते.

त्या वर्षीच्या उत्सवात, सूर्य बुडायच्या वेळी, नदीच्या मध्यावर सात माणसे गेली. शिंपीकाका. भट्टीवाल्या मावशी. टपालवाला. दोघा गवंडी भावांपैकी धाकटा, ज्याचे वय एकोणीस होते. मास्तरांची बायको. नर्सबाईंना काठावर आणले तेव्हा श्वास होता, पण त्या दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यात, ज्या खोलीत त्या रात्रपाळी करत तिथल्याच खाटेवर वारल्या. आणि नावाडी, आत्याचा थोरला भाऊ, वय छप्पन्न. तो तिसऱ्या दिवशी सकाळी खूप खाली, दुसऱ्या गावच्या पुलाच्या खांबाजवळ सापडला. टपालवाल्याचा हात त्याच्या हातात होता.